चढवलेली लाख, उतरवलेली लाख

मोटारीच्या रंगावर वर्षानुवर्षे साचत गेलेले मेण उतरवणे हे वरकरणी क्षुल्लक काम आहे. स्वच्छ कापडावर थोडे मिनरल टर्पेंटाइन घ्यावे, हातभर भाग पुसावा, कापडाची घडी बदलावी आणि पुढच्या भागाकडे वळावे. घडी बदलली नाही तर सुटलेले मेण त्याच पत्र्यावर पुन्हा पसरते, एवढीच काय ती खबरदारी. पण हे काम इतके सोपे का आहे, याचा विचार सहसा कोणी करत नाही. पॉलिशमधील कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळते. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. लांबलचक कार्बनसाखळ्यांचे ते एस्टर आहे, त्यामुळे पाण्याला ते दाद देत नाही, पण टर्पेंटाइनने सैल पडते. त्याखालचा आजच्या गाड्यांचा पारदर्शक थर मात्र भट्टीत पक्का केलेला असतो. त्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जखडलेल्या असतात आणि टर्पेंटाइन त्यांना सोडवू शकत नाही. वरचा थर विरघळतो आणि खालचा विरघळत नाही, या एका फरकावर सारे काम उभे आहे. जुन्या नायट्रोसेल्युलोज रंगाच्या मोटारीवर कोणी थिनरचा बोळा फिरवला, तर मेणाबरोबर रंगही बोळ्यावर येईल.

हाच फरक पुसट असेल, खालचा रंग दीड हजार वर्षांपूर्वीचा असेल आणि चूक सुधारण्याची दुसरी संधी नसेल, तर काय करायचे? भारतात हा प्रश्न अजिंठ्याच्या भिंतींवर उभा राहिला. विसाव्या शतकाचा बराच काळ तो आपल्या पुरातत्त्व-रसायनज्ञांना सोडवावा लागला आणि तो पुरता संपला आहे असे आजही म्हणता येत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांना आपण सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतो. तो शब्द तेथे लागू पडत नाही. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग दिला जातो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून दगड बनतो आणि रंगाचे कण त्या दगडातच अडकतात. अजिंठ्यात खडबडीत कातळावर प्रथम मातीचा गिलावा आहे. त्यात वाळू, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आहे आणि तो वाळल्यानंतर त्यावर रंग दिला आहे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी आणि बदक्षानच्या खाणींतून आलेला लाजवर्द हे ते रंग. हे कण भिंतीला धरून राहिले ते सरस किंवा डिंकासारख्या सेंद्रिय बंधकामुळे. म्हणजे मातीलाही पाण्याचे भय आणि बंधकालाही. शतके गेली तसे ते बंधक जीर्ण झाले. रंगाचे पापुद्रे सुटू लागले. वटवाघळांची घाण, कीटक, धूर आणि पावसाळी दमटपणा यांनी उरलेले काम केले.

अशा चित्रांवर लेप द्यावा असे प्रथम वाटले ते संरक्षणासाठी नव्हे, तर चित्रे नीट दिसावीत म्हणून. १८४४ साली मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाल्या आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गुंफांत उतरले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातलेच. हे काम १८८५ पर्यंत चालले आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत त्यांतील अनेक नकलाही भस्मसात झाल्या. नकला जळाल्या. मात्र रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर लावलेले वार्निश मागे उरले.

वार्निश लावताच चित्र उजळते, यात जादू नाही. जीर्ण रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. हवेचा अपवर्तनांक १ आणि रंगकणांचा १.५ किंवा त्याहून अधिक. या तफावतीमुळे प्रत्येक कंगोऱ्यावर पांढरा प्रकाश विखुरतो आणि खालच्या रंगात मिसळून त्याला फिका करतो. नदीतला गोटा ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर राखी होतो, तो याच कारणाने. वार्निशचा किंवा लाखेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असतो. तो द्रव खाचखळग्यांत भरला की हवा आणि रंग यांच्यातील खडबडीत सीमा नाहीशी होते. उरते फक्त वरची गुळगुळीत सीमा, तिच्यावरून सरळ येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परावर्तित होतो आणि तोही एकाच दिशेने. मोटारीवरचे मेण हेच करते. ‘रंग परत आला’ असे आपण म्हणतो तेव्हा रंगात काहीही बदललेले नसते, प्रकाशाची वाट तेवढी बदललेली असते.

संरक्षणाचा संघटित प्रयत्न हैदराबाद संस्थानाने केला. १९१४ मध्ये निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. आपल्याकडे या माणसाचे नाव जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही. अजिंठ्यावरचे त्यांचे चार भागांतील काम १९३० ते १९५५ इतक्या दीर्घ काळात प्रसिद्ध झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९२० ते १९२२ या काळात, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला, फुटक्या कडा बांधून घेतल्या आणि पापुद्रे धरून ठेवण्यासाठी अल्कोहोलमध्ये विरघळवलेली लाख चित्रांवर चढवली.

आता थोडे लाखेविषयी. इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी वापरलेला हा पदार्थ अस्सल इथला होता. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर वाढणारा एक सूक्ष्म कीटक आपल्याभोवती राळेचे कवच तयार करतो, ती लाख. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स कर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कीटकाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यांच्याच नावावरून त्याला आज ‘केरिया लॅका’ म्हणतात. ‘लाक्षा’ हा संस्कृत शब्द फारसी, अरबी आणि पोर्तुगीज असा प्रवास करत युरोपात पोहोचला आणि त्यातून ‘लॅकर’ हा शब्द घडला. १९२३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘ड्युको’ या मोटारींच्या जलद वाळणाऱ्या रंगाला लॅकर म्हणत, पण त्यात लाखेचा कण नव्हता. तो शुद्ध नायट्रोसेल्युलोज वर्गातला होता. आपले फर्निचरवाले आजही ‘ड्युको मारून देऊ’ म्हणतात, ते त्याचेच अवशेष. उलट कच्च्या लाखेत चार ते सहा टक्के खरेखुरे मेण असते. ते वेगळे काढून पॉलिशमध्ये वापरले जाते, म्हणजे लाख आणि मेण यांचे नाते केवळ उपमेपुरते नाही. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच. या मालाचे महत्त्व ओळखून १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे भारतीय लाख संशोधन संस्था सुरू झाली. म्हणजे लाखेच्या वार्धक्याचा पद्धतशीर अभ्यास करू शकणारी संस्था देशात उभी राहिली, ती अजिंठ्यात लाख चढवून झाल्यानंतर दोन वर्षांनी.

लाख म्हातारी होते हे मात्र पॉलिशवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर वर्षभर पडून राहिलेली बाटली वापरत नाही, कारण ते पॉलिश नीट वाळत नाही. पॉलिश केलेल्या मेजावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, हेही त्याला माहीत असते. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लाख हे अनेक आम्लांचे मिश्रण आहे. अॅल्युरिटिक आम्ल हे त्यांतले प्रमुख. या रेणूंवर आम्लाचे गट आहेत आणि अल्कोहोलचेही. दोन्ही एकाच घरात असल्यामुळे कालांतराने ते आपसांत एस्टर-बंध जोडत राहतात. सुटे रेणू गुंफले जाऊन जाळे होते. ताजी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते, पण काही दशकांची लाख नुसती फुगते, सुटत नाही. ती पिवळी आणि मग तपकिरी होते. ती आकसते आणि आकसताना खालचा पापुद्रा ओढून त्याच्या कडा वर वळवते. जो पापुद्रा धरून ठेवण्यासाठी लेप दिला, तोच लेप त्याला उचलू लागतो. शिवाय लेपाखाली जी काजळी आणि धूळ राहून गेली, ती बंद तिजोरीत गेली.

त्या इटालियन तज्ज्ञांना दोषी ठरवण्याची आज एक सवय दिसते. मला ती न्याय्य वाटत नाही. १९२० साली कृत्रिम पॉलिमर हाताशी नव्हते. पर्याय होते सरस, अंड्याचा बलक, मेण, वनस्पतिज राळ आणि लाख. त्यांपैकी एकही निर्दोष नव्हता. त्यांनी भिंतीला चिकटवलेला गिलावा तेव्हा चिकटवला नसता, तर आज लाख उतरवण्यासाठी खाली चित्रच उरले नसते. रोममधील सिस्टाइन चॅपेलच्या छतावरही आधीच्या पिढ्यांनी रंग खुलावेत म्हणून प्राणिज सरस चढवला होता आणि १९८० च्या दशकात तो उतरवताना जगभर वादळ उठले. त्या काळाची ती सर्वमान्य रीत होती. आक्षेप घ्यायचाच तर एवढाच घेता येईल की, लेप किती टिकेल याचा विचार झाला, पण तो तीस वर्षांनी कसा निघेल याचा झाला नाही.

निघण्याचा प्रश्न देहरादूनकडे आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात पुरातत्त्व-रसायनज्ञाचे पद १९१७ मध्ये निर्माण झाले आणि मोहम्मद सनाउल्लाह हे पहिले पदाधिकारी झाले. मोहेंजोदडोच्या धातूंचे विश्लेषण करणारे तेच. १९२१-२२ मध्ये प्रयोगशाळा देहरादूनला स्थिरावली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९५० च्या दशकात, अजिंठ्याच्या चित्रांची जबाबदारी या विभागाकडे आली आणि रसायनज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली चित्रांची सफाई सुरू झाली. (हस्तिनापूरचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल वेगळे. एकाच विभागात, एकाच काळात, एकाच नावाचे दोन विद्वान होते आणि विद्यार्थी त्यांची गल्लत अजूनही करतात.)

काम असे होते. पाणी वर्ज्य, कारण खाली माती आणि सरस. नुसते अल्कोहोल अपुरे, कारण लाख जाळे बनून बसलेली. पण त्या जाळ्यात आम्लाचे काही गट अजून मोकळे असतात. त्यांच्याजवळ अमाइन वर्गातील सौम्य अल्कली नेली की लवण तयार होते आणि रेणू द्रावकात उतरू लागतो. म्हणून अल्कोहोल आणि इतर सेंद्रिय द्रावकांत अमाइनची जोड. अमाइन जास्त झाले तर मात्र ते बंधकावरच तुटून पडणार. मोटारीवर जो फरक आपल्याला फुकट मिळाला होता, तो येथे थेंबाथेंबाने जुळवावा लागतो. काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा भिंतीवर घासायचा नाही, लाटण्यासारखा फिरवायचा. टिचभर जागा घ्यायची, बोळ्यावर गेरूची छटा दिसली की थांबायचे, दुसऱ्या द्रावकाने क्रिया शमवायची आणि नवा बोळा घ्यायचा.

नवा बोळा का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. सच्छिद्र भिंतीवर द्रव ठेवला की केशाकर्षणाने तो आत शिरतो. १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी दाखवले की आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पहिल्या सेकंदातच बरेचसे अंतर कापले जाते. त्या द्रवात लाख विरघळलेली असेल तर तीही आत जाते आणि द्रावक उडून गेल्यावर तेथेच राहते. बाहेरून भिंत स्वच्छ दिसते, पण लाख निघालेली नसते, ती आत सरकलेली असते. पृष्ठभाग झटपट स्वच्छ होताना पाहून समाधान वाटते, ते म्हणूनच संशयास्पद मानावे.

कोणता द्रावक निवडायचा हे प्रारंभी अनुभवावर चाले. त्याला गणिताचा आधार मिळाला तो कलाक्षेत्राबाहेरून. जोएल हिल्डेब्रँड यांनी १९३६ च्या ग्रंथात विद्राव्यतेला एक अंक दिला. रेणूंना एकमेकांपासून दूर करण्यास किती ऊर्जा लागते, त्यावरून तो काढतात. हेक्झेनचा अंक सुमारे १५, टोल्यूइनचा १८, अल्कोहोलचा २६ आणि पाण्याचा ४८. ज्यांचे अंक जवळ ते एकमेकांत मिसळतात. पण एका अंकात हायड्रोजन बंधांची गुंतागुंत मावत नाही, म्हणून १९६७ मध्ये चार्ल्स हॅन्सन यांनी त्याचे तीन भाग केले आणि १९६८ मध्ये जीन टीस यांनी ते तीन भाग एका त्रिकोणी आलेखावर मांडले. दोघांचेही प्रश्न रंग आणि राळ यांच्या उद्योगातले होते. तो त्रिकोण पुढे चित्रसंवर्धकांच्या भिंतींवर लागला. ताज्या राळेचे स्थान एका कोपऱ्यात असते आणि वय वाढते तसे ते अधिक ध्रुवीय द्रावकांच्या दिशेने सरकत जाते. त्या वाटेवर एक बिंदू असा येतो की, लेपाला सोडवणारा द्रावक बंधकालाही सोडवतो. त्या बिंदूच्या आत लेप काढला नाही, तर नुसत्या द्रावकांनी तो काढता येणार नाही.

मेणापुरती या कोंडीतून एक सुंदर वाट फ्लोरेन्समध्ये सापडली. नोव्हेंबर १९६६ च्या पुरानंतर तेथील भौतिक रसायनज्ञ एन्झो फेरोनी भित्तिचित्रांकडे वळले होते. १९८० च्या दशकात ब्रांकाची चॅपेलमधील माझाच्चोच्या चित्रांवर मेणाचे डाग होते. त्यांनी टर्पेंटाइनसारखे द्रावक थेट लावले नाही. त्याचे काही नॅनोमीटरचे थेंब पाण्यात स्थिर ठेवणारे सूक्ष्म-पायस वापरले. मेण त्या थेंबांत शिरते आणि भोवतालचे पाणी त्याला भिंतीच्या छिद्रांत परत जाऊ देत नाही. घडी बदलण्याचे काम येथे प्रत्येक थेंब स्वतः करतो. द्रावकही अगदी थोडे लागते. पण ती भिंत चुन्याची होती, पाणी सोसणारी. मातीच्या गिलाव्यावर तीच युक्ती जशीच्या तशी उचलता येत नाही. पाणी जेलमध्ये बांधून ठेवावे लागते, नाहीतर टाळावे लागते.

आणि अजिंठ्यात लाख उतरवल्यावर उघड्या पडलेल्या सैल रंगाचे काय करायचे? त्याला पुन्हा काहीतरी धरून ठेवणारे हवेच होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर उपलब्ध झालेले पॉलिव्हिनाइल अॅसिटेट वापरले गेले. ते रंगहीन होते आणि टोल्यूइनमध्ये पुन्हा विरघळणारे होते. लाखेपेक्षा ते निश्चितच चांगले होते. पण या पॉलिमरचे काच-संक्रमण तापमान ३० अंशांच्या आसपास आहे. त्याच्या वर ते मऊ आणि किंचित चिकट होते. वाघूर नदीच्या खोऱ्यातला उन्हाळा आणि रोजच्या पर्यटकांच्या पावलांनी उडणारी धूळ यांचा विचार केला, तर पुढे काय घडले असेल हे सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अलीकडच्या दशकांतील संवर्धकांना लाखेच्या अवशेषांबरोबर हा दुसरा थरही उतरवावा लागला आहे.

नामकुमची संस्था २०२२ पासून राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने ओळखली जाते. लाखेचे लेप फळांवर आणि औषधी गोळ्यांवर दिले जातात. जठराच्या आम्लात न विरघळता आतड्याच्या किंचित अल्कधर्मी रसात विरघळणारे कवच म्हणून लाख औषधनिर्मितीत वापरतात. आम्लगट आणि अल्कली यांची ही तीच जोडी, जी अजिंठ्याच्या बोळ्यांवर होती. साठवणीत लाखेचे रेणू गुंफले जाऊन गोळी उशिरा विरघळते, ही तेथेही तक्रार आहे. लाखेचे अमोनियम लवण वापरून हे वार्धक्य लांबवता येते.

जुनी लाख अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. भिंत साध्या उजेडात स्वच्छ दिसत असली, तरी अंधारात अतिनील दिवा धरला की कुठे थर शिल्लक आहे, कुठे बोळा थांबवला गेला आणि कुठे लाख छिद्रांत उतरून बसली आहे, त्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. पुढच्या संवर्धकाला बोळा हाती घेण्याआधी तो नकाशा पाहावा लागतो.